रस्त्याकडची भिंत
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीचा 25 वर्षांचा इतिहास सेक्रेटरींनी सांगितलाच आहे. मी पडलो चित्रकलेचा मास्तर. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे, ती म्हणजे आपली रस्त्याकडची कंपाउंडची भिंत.

या भिंतीने सगळं पाहिलं. पांढरा रंग, त्यावर पिचकाऱ्या, मग 'येथे लघवी करू नये', मग वाढदिवसांचे फ्लेक्स. आता दोन सूचना आल्या आहेत. एक, भिंत अजून दोन फूट वाढवून वर काचा लावायच्या. दुसरी, देवांच्या टाइल्स बसवायच्या. टाइल्सना माझा विरोध आहे, स्पष्ट सांगतो. देवाला आपण पहारेकरी करतो आणि थुंकणारा चार पावलं पुढे जाऊन शेजाऱ्याच्या भिंतीवर थुंकतो! काचांबद्दल तर काय बोलावं, रस्त्यापलीकडे आपलीच कामं करणारी माणसं राहतात.

माझं म्हणणं, भिंत रंगवू या. पण पेंटरला ठेका देऊन नाही. आपण आणि पलीकडच्या वस्तीने मिळून.

ही काही नवीन टूम नाही. कानबाई बसायच्या आधी आपल्याकडे घराला रंग लागतो, पांगलेले भाऊबंद रोटाला एकत्र येतात. डहाणूकडे वारली लग्नात सवाष्णी भिंतीवर चौक मांडतात, गेरूच्या अंगावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण भिंतीवरच्या मूळ चौकाखाली कुणाची सही नसे.

मुंबईत घाटकोपरजवळ असल्फाची टेकडी आहे. 2017 च्या अखेरीस स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी मिळून तिथली घरं रंगवली. मेट्रोतले प्रवासी खिडकीतून फोटो काढायला लागले. तेव्हा काहींनी विचारलं, रंगामुळे वस्तीच्या अडचणी सुटतात का? प्रश्न रास्त आहे. धरणगावात राहून पाण्याचा विषय हसण्यावारी कोण नेईल? रंगाने नळाला पाणी येत नाही. पण पाण्याचा अर्ज घेऊन जायची वेळ आली की आपल्या गल्लीतली चार घरंसुद्धा एकत्र येत नाहीत, कारण एकमेकांची नावंच माहीत नसतात. दोन रविवार एकाच डब्यात ब्रश बुडवला की निदान नावं तरी कळतात.

पाचगणीजवळचं भिलार बघा. 4 मे 2017 पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे. योजना सरकारची, भिंती रंगवल्या चित्रकारांनी. पण घरातली खोली अनोळखी वाचकाला उघडून दिली ती गावकऱ्यांनी. मला त्या चित्रांपेक्षा ते उघडं दार जास्त मोलाचं वाटतं.

आता काढायचं काय? बालकवी आपल्या गावचे, जन्म 13 ऑगस्ट 1890. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली, तेव्हा ते जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे. 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. आपल्या पोरांना ते मराठीच्या पुस्तकातून माहीत आहेत, गावचे म्हणून नाही. मात्र त्यांचा फेटाबिटा घातलेला चेहरा काढू नका, हात जोडून विनंती. त्यांना आवडायचं ते काढू: झरा, गवत, ऊन-सावली. शेजारी आपला कापूस, ज्वारी, सुरत-भुसावळ गाडी. पलीकडच्या लोकांना काय हवं ते त्यांनाच विचारू.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेटजवळचा चार फुटांचा तुकडा करून पाहिला. पलीकडचा एक मुलगा आला, म्हणाला, "सर, हाई काय करी ऱ्हायनात?" मी त्याच्या हातात ब्रश दिला. संध्याकाळपर्यंत सात मुलं होती, तीन आपली, चार तिकडची. 'बाहेरची पोरं' आत घेतली म्हणून कुणीतरी कुरकूर केली, तेही ऐकलं. पण त्या तुकड्यावर आजपर्यंत पिचकारी पडलेली नाही. त्या मुलाची आई येता-जाता तिथे थांबते. बाकीच्या भिंतीची हमी मी देत नाही.

थोडं कामाचं. खालच्या फूटभर भागाला लोणा लागलाय, तो खरवडल्याशिवाय रंग धरणार नाही. मग प्रायमर, तो वाळू द्यायचा. चित्र आधी कागदावर चौकटी पाडून, मग तशाच मोठ्या चौकटी भिंतीवर. भिंत पश्चिमेची, आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून बाहेरचा चांगला इमल्शन घ्यावा लागेल आणि काम सकाळी दहाच्या आत. काचांसाठी धरलेली रक्कम इकडे वळवायची तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल. तो ठराव मी लिहून आणला आहे, सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. जेवणाच्या पंगतीआधी कागद मंडपाच्या दाराशी ठेवतो. आणि कुणाकडे दहा फुटी शिडी असेल तर कृपया सांगा, माझी आठ फुटीच आहे.