चरबीचा पडदा आणि गरिबाचे औषध
(विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



विषय ऐकायला जड वाटतो, पण त्याची सुरुवात स्वयंपाकघरात होते. रश्श्यावर तर्री तरंगते, कारण तेलाचे पाण्याशी जमत नाही. अंड्याच्या बलकात मात्र लेसिथिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. त्याच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते आणि दोन शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की शेपट्या आत, डोकी बाहेर अशी दुहेरी रांग ते आपोआप धरतात. आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण असेच बनलेले आहे. त्याची जाडी चार-पाच नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे आवरण मजुराच्या पेशीला आहे तसेच मंत्र्याच्या पेशीलाही आहे.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बॅब्रहॅम येथे ॲलेक बँगहॅम यांनी लेसिथिन पाण्यात मिसळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याचे बंद फुगे झालेले दिसले. हॉर्न यांच्यासह केलेले हे काम १९६४ साली प्रसिद्ध झाले. या फुग्यांना लायपोसोम म्हणतात. यांत औषध भरून शरीरात पाठवता येईल, हा विचार पुढे आला.

आता अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या औषधाकडे येऊ. ते १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले. बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला ते धरते आणि आवरणाचा बंदोबस्त मोडते. पण आपल्या आवरणातले कोलेस्टेरॉल त्याचेच भावंड! त्यामुळे मूत्रपिंडाला इजा होते, थंडी वाजून ताप भरतो. हेच औषध शंभर नॅनोमीटरहून लहान लायपोसोमच्या पडद्यात बसवले की त्रास पुष्कळ कमी होतो.

याचा मोठा उपयोग बिहारमधील काळ्या आजारात, म्हणजे कालाआजारात झाला. वाळूमाशीच्या चाव्यातून येणारा हा परजीवी यकृत, पानथरी आणि अस्थिमज्जेतील भक्षक पेशींत दडून बसतो. रक्तातले लायपोसोमही त्याच पेशी गिळतात! म्हणजे शत्रूच्या घरी औषध नेऊन देण्याचे काम शरीर स्वतःच करते.

हा रोग कोणाला होतो? मातीच्या ओलसर भिंतींच्या घरात, जनावरांशेजारी झोपणाऱ्यांना. त्यांत अनुसूचित जातींपैकी मुसहर समाजाचे लोक फार. जुन्या पद्धतीत दिवसाआड पंधरा सलाईन, जवळजवळ महिनाभर रुग्णालय. रोजंदारीवर जगणाऱ्याने महिनाभर खाटेवर पडायचे, तर घरी चूल कोणी पेटवायची? मुजफ्फरपूर येथे डॉ. श्याम सुंदर व सहकाऱ्यांनी किलोला १० मिलिग्रॅम अशी लायपोसोमल औषधाची एकच मात्रा देऊन पाहिली. २०१० साली निष्कर्ष आला : सहा महिन्यांनंतर शंभरातले ९५ हून अधिक रुग्ण बरे, म्हणजे जुन्या उपचाराइतकेच. महिन्याचे काम एका दिवसावर आले. माझ्या मते ह्या शोधाचे खरे मोल इथेच आहे.

किमतीचे काय? पस्तीस किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या सात कुप्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने वाटाघाटी करून २००७ साली कुपीची किंमत २० डॉलरपर्यंत खाली आणली, आणि पुढे कंपनीकडून देणगीही मिळवली. १९९२ साली देशात या रोगाचे ७७ हजारांवर रुग्ण नोंदले गेले होते. अलीकडे वर्षाला हजारापेक्षा कमी. श्रेय एकट्या औषधाचे नाही, फवारणीचेही आहे. पण देणगीवर चालणारा उपचार मला सुरक्षित वाटत नाही. देणारा उद्या हात आखडता घेऊ शकतो.

टंचाई म्हणजे काय, ते महाराष्ट्राने २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत पाहिले. तिथेही हेच औषध. साठ किलोच्या रुग्णाला रोज सहा कुप्या, तीन आठवड्यांत सव्वाशे. आणि एकेक कुपी हजारो रुपयांची. नातेवाईक दुकानोदुकानी चिठ्ठ्या घेऊन फिरत होते. जूनमध्ये त्यावरचा जीएसटी शून्य केला गेला, पण कर गेला म्हणून कुपी हाती आली असे नव्हे.

आणखी एक गोष्ट, आपल्याकडे कमी बोलली जाणारी. भारतीय बनावटीचे लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन तयार करण्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातील डॉ. बच्छावत यांच्या गटांनी मोठे काम केले. सरकारी पैशावर चालणाऱ्या रुग्णालयात आणि विद्यापीठात हे झाले. फार्मसीला आणि बी. एस्सी.ला असलेल्या मुलामुलींनी हा पडदा कसा बनवतात, हे आपल्या प्राध्यापकांना जरूर विचारावे. काही अडले तर चहापानाच्या वेळी मी इथेच आहे.