विजेरीला पत्ता कशाला हवा?

श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या खिशात या क्षणी मोबाइल फोन असेल, आणि त्या फोनात विजेरीची सोयही असेल. विजेरीचे काम अंधारात प्रकाश पाडणे एवढेच होय. ती धरणारा कोठे उभा आहे, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. तथापि अमेरिकेत ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाच्या एका विनामूल्य ॲपने नेमकी हीच माहिती घेतली. अँड्रॉइड फोनवर ते कोट्यवधी वेळा उतरवून घेतले गेले होते. २०१३ साली तेथील संघीय व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली. वापरणाऱ्याचे स्थान व फोनची ओळखखूण जाहिरातदारांकडे पाठविली जात होती, असे आयोगाचे म्हणणे होते. ‘स्वीकार’ की ‘नकार’ असा प्रश्न पडद्यावर येई खरा. परंतु उत्तर मिळण्यापूर्वीच माहिती रवाना झालेली असे.

यावर पुष्कळदा असे म्हटले जाते की, ज्याने काही वावगे केलेले नाही त्याला लपविण्याचे कारण काय? परंतु खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे. घराला दार असते, ते आत चोरीचा माल आहे म्हणून नव्हे. आत कोणाला घ्यावयाचे हे घरच्यांनी ठरवावे म्हणून. स्थानाच्या नोंदी काही आठवडे साठत गेल्या, की माणूस रात्री कोठे असतो, कोणत्या दवाखान्यात जातो, हे त्याने एक शब्दही न उच्चारता कळू शकते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यातील एक उदाहरण उद्बोधक आहे. दुरून वैद्यकीय सल्ला देणारे एक ॲप रुग्णाच्या फोनातील संपर्कांची यादीही मागते. रुग्णाने दोहोंस होकार दिला, तरी सल्ल्यासाठी त्या यादीची आवश्यकता नसल्यामुळे तो होकार सल्ल्यापुरताच ग्राह्य मानावयाचा. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. संपर्कांची यादी एकट्या रुग्णाची नसते. तीत त्याचे आप्त असतात, शेजारी असतात, मुलांचे शिक्षक असतात. त्यांना कोणी काही विचारलेलेच नसते. एकाच्या घाईच्या होकाराने शेकडो जणांचे क्रमांक परक्या हाती जातात. खासगीपणा राखणे हे म्हणूनच स्वतःचे हित तसेच इतरांविषयीचे कर्तव्यही होय.

हे कर्तव्य पाळणे अवघड नाही. परवानगी देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : या कामासाठी ही माहिती खरोखर लागते काय? नकाशाला स्थान लागते, विजेरीला लागत नाही. पूर्वी दिलेली परवानगीही फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन काढून घेता येते. कायदा अधिकार देतो. त्याचा वापर मात्र ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.