दानाची एक नवी दिशा : श्वासरोगांचे संशोधन

(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेला आणि त्यातच केस पांढरे झालेला एक साधा मास्तर आहे. औषधोपचार सांगण्याचा मला अधिकार नाही. मला बोलावयाचे आहे ते दानाविषयी.

दान हा विषय वऱ्हाडास नवा नाही. संत गाडगेबाबांनी लोकांच्या पैशांतून धर्मशाळा उभारल्या आणि स्वतःपाशी खराटा व मडके एवढेच ठेविले. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी आपले आयुष्य वेचले. ज्या रोगाचे नाव घेण्यासही लोक कचरत, त्या रोगासाठी त्यांनी समाजाला दातृत्व शिकविले. आपली संस्थाही विद्यार्थ्यांस साह्य देते, गुणवंतांचा गौरव करते. हे सर्व योग्यच आहे. परंतु आपल्या दानाला एक सवय जडली आहे. जे डोळ्यांना दिसते त्यालाच आपण देतो : सभागृह, पाण्याची टाकी, रुग्णालयातील खाट. संशोधन दिसत नाही. त्यावर नावाची पाटीही बसविता येत नाही. म्हणून ते आपल्या यादीत नसते.

आता रोगाकडे वळू. एका मोठ्या पाहणीच्या अंदाजानुसार २०१६ साली भारतात दम्याचे ३ कोटी ७९ लाख रुग्ण होते. श्वासनलिका कायमच्या आकुंचित करणाऱ्या, डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात त्या रोगाचे ५ कोटी ५३ लाख होते. जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे १८ टक्के लोक आपल्या देशात राहतात. परंतु श्वसनाच्या जुनाट रोगांनी जगात निरोगी आयुष्याची जी वर्षे वाया जातात, त्यांपैकी ३२ टक्के एकट्या आपल्या वाट्याला येतात.

मला या आकड्यांची ओळख पूर्वीच झाली होती, ती वर्गाच्या हजेरीपटावर. थंडी पडली की काही ठराविक मुलांच्या नावापुढे गैरहजेरी लागत असे. पालक ‘सर्दी-खोकला’ सांगत. दमा हा शब्द क्वचितच उच्चारीत. मुलगी असेल तर मुळीच नाही, कारण पुढे तिचे लग्न व्हावयाचे असते. आपल्या वधू-वर परिचय पुस्तिकेत उंची, वर्ण, शिक्षण सारे असते. पंप वापरणाऱ्या मुलामुलींचा पंप मात्र कपाटात असतो. जो रोग घरोघर लपविला जातो, त्याची मोजदाद होत नाही. आणि ज्याची मोजदाद नाही, त्याच्यासाठी कोणी झोळी फिरवीत नाही.

मोजदाद करणे म्हणजे काय, हे पुण्याच्या उदाहरणावरून कळेल. १ फेब्रुवारी २०११ रोजी तेथील चेस्ट रिसर्च फाउंडेशन या संस्थेने एक सोपी गोष्ट केली. देशातील ८८० शहरे व गावे यांतील सुमारे ७४०० डॉक्टरांनी त्या एकाच दिवशी आपल्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाची तक्रार ठरलेल्या कागदावर नोंदविली. २ लाख ४ हजार ९१२ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक लोकांना श्वसनसंस्थेची काही ना काही तक्रार होती. २०१५ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. येथे संशोधनासाठी लागला तो एक नेमका प्रश्न, छापील कागद आणि हजारो डॉक्टरांची एक दिवसाची तसदी. संशोधन म्हणजे कोट्यवधींची यंत्रेच, हा आपला समज यावरून दूर व्हावा.

कोणी म्हणेल, पुण्या-मुंबईकडे हे काम चालले आहे, मग आपण कशाला? याचे उत्तर आपल्या मातीत आहे. दिवाळीनंतर अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत जिनिंग-प्रेसिंग सुरू होते. रेच्यावर कापूस पडतो, सरकी वेगळी होते आणि कारखान्याच्या हवेत बारीक तंतू व धूळ तरंगू लागते. नाकाला पदर बांधून मायमाउल्या त्या हवेत दिवसभर राबतात. कापसाच्या धुळीने होणाऱ्या रोगास बिसिनोसिस म्हणतात. त्याचे लक्षण मोठे चमत्कारिक आहे : साप्ताहिक सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती अधिक आवळते आणि पुढील दिवसांत काहीसा उतार पडतो. वर्षे लोटली की तो उतारही पडेनासा होतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने ज्या रोगांची खबर सरकारास देणे बंधनकारक केले, त्यांत बिसिनोसिस आहे. परंतु आपल्या जिनातील मजूर हंगामी. हंगाम सरला की ती बाई निंदणीला जाते. तिच्या छातीची नोंद कोणत्या वहीत राहणार?

दुसरे आपले गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे ते प्रथम लक्षात आले. आज आपल्या धुऱ्यावर, रस्त्याकडेला, शाळेच्या पटांगणामागे तेच आहे. त्याच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठते आणि त्याच्या परागांनी अनेकांस शिंका व धाप लागते. तिसरा चुलीचा धूर. विडीला कधी हात न लाविलेल्या वृद्ध स्त्रीची छाती का वाजते, याचे एक कारण पऱ्हाटीच्या जळणापुढे गेलेल्या तिच्या आयुष्यात सापडते. त्यात आता एक नवा धूर आला आहे. डास मारण्याची एक कॉइल जळून जितके सूक्ष्म कण हवेत जातात, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

कापूस, गाजर गवत आणि पऱ्हाटीचा धूर एकत्र असलेला आपला मुलूख आहे. औषधी कंपनी संशोधन करील ते विकता येणाऱ्या औषधाचे. जिनातील धूळ कमी कशी करावी, हा प्रश्न तिने का विचारावा? तो आपणच विचारला पाहिजे.

संशोधनाने गरिबाचे काय भले होते, असाही आक्षेप येतो. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. १९५६ साली मद्रासेत क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र स्थापन झाले. घरी राहून औषध घेणारे आणि सॅनेटोरियममध्ये राहणारे रुग्ण यांची तेथे तुलना करण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष निघाला की, घरचा उपचारही तितकाच गुणकारी ठरतो. ज्याच्यापाशी सॅनेटोरियमचा खर्च नाही, त्याला या एका निष्कर्षाने जगण्याचा मार्ग मोकळा केला. तो पैसा मुख्यतः सरकारी होता. पण त्याच लढ्यासाठी १९५० पासून क्षयरोगाची तिकिटे निघाली, आणि शाळाशाळांतून मुलांच्या नाण्यांनी ती खपली. मीही ती वर्गात विकली आहेत.

दात्याचे उदाहरण हवे असेल तर सर दोराबजी टाटांचे घ्या. १९३१ साली त्यांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी पत्नीच्या नावे निधी स्थापिला, तो त्या रोगाच्या संशोधनासाठी. ज्या टाटा घराण्याने १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ते हेच. कापसाचा पैसा प्रयोगशाळेपर्यंत पोहोचू शकतो, हे यावरून दिसते.

दम्यासाठी आपले लोक मृगाच्या सुमारास हैदराबादेस माशाचे औषध घेण्यास जातात, कोजागिरीच्या रात्री औषधी खीर घेतात. त्यांच्या श्रद्धेची मी थट्टा करणार नाही. गुदमरणारा माणूस दिसेल त्या दाराशी जातो. परंतु जी खात्रीची परीक्षा मद्रासेत क्षयाच्या उपचाराची झाली, तशी परीक्षा झालेल्या उपचाराचे दार त्याच्या गावाजवळ असावे, ही जबाबदारी कोणाची?

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. शिष्यवृत्ती निधीस हात न लावता संस्थेने ‘श्वासरोग संशोधन निधी’ काढावा. प्रत्येक कुटुंबाने वर्षाला १०० रुपये द्यावेत. मंगलकार्यात वा उत्तरकार्यात यथाशक्ती भर घालावी. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास जिनातील मजुरांच्या छातीची तपासणी करण्यासाठी आपण साह्य देऊ केले पाहिजे. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारी नळी साध्या मोबाइलपेक्षाही स्वस्त मिळते. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी कामापूर्वी आणि कामानंतर, पुन्हा आठवड्याच्या अखेरीस, असे मोजमाप हंगामभर ठेविले तरी पुष्कळ कळेल.

मात्र अटी स्पष्ट असाव्यात. महाविद्यालयाच्या नैतिक समितीची संमती असल्याखेरीज पैसा देऊ नये. मजुराची राजीखुशी घ्यावी आणि त्याचे नाव कोठेही उघड करू नये. निष्कर्ष कारखानदारास रुचो वा न रुचो, प्रसिद्ध झालाच पाहिजे. हिशेब दरवर्षी याच स्मरणिकेत छापावा. आणि संशोधक वा रुग्ण कोणत्या ज्ञातीचा, हे विचारू नये. आपली संस्था ज्ञातीची आहे, पण जिनातील धूळ ज्ञात विचारून छातीत शिरत नाही.

एक-दोन वर्षांत काही निष्पन्न झाले नाही तर? आपण कास्तकारांची लेकरे आहोत. मृगात पेरलेले सगळेच उगवत नाही, म्हणून कोणी तिफण मोडून टाकीत नाही. शिवाय ‘येथे धोका नाही’ असे सिद्ध झाले, तरी तेही ज्ञानच होय. त्याने निदान भीती तरी जाईल.

ही सूचना आजच्या सर्वसाधारण सभेपुढे ठरावाच्या रूपाने ठेवण्याची अनुज्ञा अध्यक्षमहोदयांनी द्यावी, अशी विनंती करतो. आणि माता-भगिनींना एवढेच सांगतो की, मुलीचा पंप कपाटातून बाहेर काढा. निधीची पहिली नोंद तेथूनच होणार आहे.