सुलतान खान यांचा डाव
(वार्षिक समारंभातील भाषण)



मुलापुढे बुद्धिबळाचा पट दिसला की आपण म्हणतो, "आधी अभ्यास कर." आज मी अशा एका खेळाडूची हकीकत सांगणार आहे, जी मुलांनी ऐकावी आणि आईबापांनीही.

मीर सुलतान खान हे पंजाबातील मिठा तिवाना गावचे. ते शिकले हिंदुस्थानी पद्धतीचे बुद्धिबळ. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांना आपल्या पदरी ठेवले. १९२८ साली ते अखिल भारतीय विजेते झाले आणि १९२९ मध्ये आपल्या आश्रयदात्याबरोबर लंडनला गेले. नियम नवे, भाषा परकी, थंडी सोसवेना. युरोपचे खेळाडू ग्रंथांतून पाठ करीत त्या प्रारंभीच्या चालींचा अभ्यासही नाही. तरीही त्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. १९३२ व १९३३ मध्ये पुन्हा. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरविले. १९३१ साली प्राग येथे इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळताना जगज्जेते आलेखिन यांच्याशी बरोबरी केली. आणि मुलींनो, १९३३ चे ब्रिटिश महिला अजिंक्यपद सर उमर यांच्याच घरातील फातिमा यांनी जिंकले!

१९३३ च्या अखेरीस सर उमर मायदेशी परतले. सुलतान खानही परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी झालेल्या दहा डावांपैकी त्यांनी नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. हात तोच होता, पण जगाचा पट दूर गेला होता. ऐन तिशीत ती कारकीर्द संपली. १९५० मध्ये ग्रँडमास्टर किताब दिले गेले, त्यांत त्यांचे नाव नव्हते. १९६६ साली सरगोधा येथे त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये जागतिक संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला, मृत्यूनंतर तब्बल अठ्ठावन्न वर्षांनी.

पालकहो, आश्रयाचे उपकार खरेच. त्यावाचून सुलतान खान लंडनला पोहोचलेच नसते. पण घरी कधी परतायचे, हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते. मुलाचा गुण ओळखा, त्याच्या हातचा पट हिसकावू नका. मात्र त्याला शिकवाही, म्हणजे उद्या आश्रयदाता उठून गेला तरी त्याचा डाव मोडणार नाही. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमची चाल तुम्हालाच खेळता यावी, एवढ्यासाठीच ही शाळा आहे.