रुळाला थर्मामीटर आहे, माणसाला काय?

(के. आर. पुरम येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांपुढे केलेले भाषण)



आपण बंगळूरला आलो तेव्हा गावाकडची मंडळी म्हणाली, "नशीब काढलंत, थंड हवेचे ठिकाण मिळाले." ते काही खोटे नव्हते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. पण एप्रिल २०१६ मध्ये इथला पारा ३९.२ अंशांवर गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये ३८.५ वर. २०२४ च्या त्याच उन्हाळ्यात बोअर आटल्या, टँकरसाठी रांगा लागल्या. तेव्हा खरा उन्हाळा भुसावळचा, इथला नव्हे, हा समज आता सोडला पाहिजे.

आपल्या ट्रॅकमन बंधूंना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. उन्हात रूळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. तो वाकू नये म्हणून त्याचे तापमान थर्मामीटरने मोजतात. ठरलेली मर्यादा ओलांडली की सलग जोडलेल्या रुळांवर दुरुस्तीचे काम धरत नाहीत आणि उन्हाळी गस्त सुरू होते. हे योग्यच आहे, त्यावर प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात. आमचा प्रश्न एवढाच की, जी दुपार लोखंडाला धोक्याची, ती माणसाला धोक्याची नाही काय? गस्त थांबवता येत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच गस्तीच्या पाळ्या आखूड हव्यात, वाटेत सावली हवी, पाणी हवे.

पाण्याचा हक्क नवा नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानेच अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय बंधनकारक केली होती. आता कायद्यांच्या संहिता झाल्या, पण तहान तीच आहे. जे शेडमध्ये मिळते ते उघड्या लाइनवर आणि पोस्टमनच्या बीटवरही मिळाले पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी सभेत बोलायला आपण लाजतो. आपल्या भगिनी ड्यूटीवर पाणीच पीत नाहीत, कारण जवळ स्वच्छतागृह नाही. इंजिनात, लाइनवर, टपाल वाटताना हीच कथा. अशा बहिणीला "भरपूर पाणी प्या" असा सल्ला देणे म्हणजे थट्टा आहे. पाण्याची मागणी करायची तर स्वच्छतागृहाची मागणी त्याच कागदावर लिहिली पाहिजे.

आता आपल्या हातातले. तहान लागायची वाट पाहू नका, थोडे थोडे पीत राहा. ताक, लिंबू-सरबत, मीठ घातलेली पेज उत्तम. एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले की जलसंजीवनी तयार. सुटीवरून आलेल्या किंवा नव्या साथीला पहिल्याच दिवशी भर उन्हात जड कामाला लावू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

साथी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर "प्यायलाय" म्हणून हसू नका. तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पण डॉक्टर येईपर्यंत अंग थंड करणे सोडू नका.

साथींनो, सावलीत दहा मिनिटे बसणारा कामचोर नव्हे. हे अधिकाऱ्यांना सांगण्याआधी आपण एकमेकांना सांगू या. एकटा बसला तर त्याला मेमो मिळतो. सगळी गँग बसली तर तो नियम होतो. उन्हाळा सुरू होण्याआधी प्रत्येक शाखेने पाणी, सावली, स्वच्छतागृह आणि कामाची वेळ या चार मागण्यांचे निवेदन द्यावे, पोच घ्यावी आणि पाठपुरावा सोडू नये.

कामगार एकजुटीचा विजय असो!