घोणस चावली की रक्त गोठत का नाही?

अर्नाळ्याहून बोलतोय. पावसाळ्यात वाडीत, गवतात पाय टाकताना घोणशीची भीती असतेच. आज तिच्या निमित्ताने रक्त गोठण्याबद्दल.

कापलं की आधी प्लेटलेट्स जखमेला चिकटतात. मग रक्तातली प्रथिनं एकामागून एक जागी होतात, आणि शेवटी फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनतात. कोळीवाड्यातलं जाळंच म्हणा ना. त्यात रक्तपेशी अडकतात.

घोणशीचं विष रक्त पातळ करतं, असं आपण म्हणतो. पण सुरुवात उलटीच होते. ते या साखळीतल्या पाचव्या आणि दहाव्या घटकाला थेट चालू करतं. भलतीकडेच गोठणं सुरू होऊन फायब्रिनोजेन संपतं, आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त. म्हणजे खोट्या अलार्मवर सगळा साठा खर्च! गंमत म्हणजे १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन यांनी हेच विष पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर रक्त थांबवायला वापरलं.

दवाखान्यातली तपासणी साधी आहे. थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरपी करायची. वाहिलं तर गोठणं बिघडलंय. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठणं सुरू होतं.

म्हणून दंशावर ब्लेड मारू नका, ते रक्त थांबणार नाही. पाय हलू न देता लगेच रुग्णालयात न्या. प्रतिविष दिल्यावरही यकृताला नवं फायब्रिनोजेन बनवायला काही तास लागतात. डॉक्टर सहा तासांनी पुन्हा नळी भरतात, तोवर "बरा दिसतोय, घरी नेतो" म्हणू नका.