कळ फिरविण्याची घाई

माळ्यावरून जुन्या प्रवासी नभोवाणी-यंत्राची पेटी खालीं आली, कीं धूळ पुसण्याच्या आधींच कोणाचा तरी हात कळीकडे जातो. वाजतें कीं नाहीं हें पाहण्याची इच्छा स्वाभाविक खरी. परंतु वर्षानुवर्षें मुकीं राहिलेलीं कित्येक यंत्रें नेमकीं त्याच क्षणीं कायमचीं निकामी होतात.

शिकागोच्या झेनिथ कंपनीचें 'ट्रान्स-ओशनिक' हें यंत्र उदाहरणादाखल घ्यावें. कंपनीचे प्रमुख युजीन मॅक्डोनल्ड यांना नौकाविहाराचा छंद होता. दूर पाण्यावरही लघुलहरींवरील कार्यक्रम ऐकूं यावेत, असा त्यांचा आग्रह. पहिला नमुना १९४२ सालीं निघाला आणि महायुद्धामुळें त्याच वर्षीं बंद पडला. पुढें १९५१ सालीं 'एच-५००' हा नमुना आला.

या नमुन्यांत पांच व्हाल्व्ह आहेत. त्यांतील तारा केंसाहूनही बारीक असून अवघ्या ५० मिलिअँपियर प्रवाहावर तापतात. पांचही तारा माळेंतील मण्यांप्रमाणें एकापुढें एक ओंवलेल्या. चौघांना प्रत्येकीं १.४ व्होल्ट व पांचव्याला २.८, मिळून ८.४ व्होल्ट पुरतात. घरच्या विजेवर यंत्र चालवितांना मात्र ११७ व्होल्टांचा दाब रोधकांकडून उतरवून घ्यावा लागतो. जुना कागदी कंडेन्सर झिरपूं लागला, तर शेवटच्या व्हाल्व्हचा प्रवाह वाढून ताराच जळण्याचा संभव. या पांचांपैकीं '१एल६' हा व्हाल्व्ह फार थोड्या यंत्रांत वापरला गेला. म्हणून तो आज दुर्मिळ व महाग आहे.

यास्तव जाणता कारागीर प्रथम कळीला हात लावीत नाहीं. तो कागदी व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलतो, रोधक मोजतो, डाख तपासतो. सेलेनियमच्या रेक्टिफायरऐवजीं सिलिकॉनचा बसविल्यास दाब वाढतो. तेव्हां जोडीला योग्य रोधक घालतो. यंत्र चालूं असतां व्हाल्व्ह कधींही उपटीत नाहीं. कारण तेवढ्या वेळांत कंडेन्सर भरून राहतात व व्हाल्व्ह परत बसवितांच तारेवर एकदम भार येतो.

पहिली परीक्षा बॅटरीवर घेणें उत्तम. नऊ व्होल्टांच्या दहा बॅटऱ्या ओळीनें जोडल्या, कीं ९० व्होल्ट होतात. तारांसाठीं दीड व्होल्टाचे सहा सेल पुरतात. भारतांतील घरगुती वीज २३० व्होल्टांची. तिच्यावर हें यंत्र सरळ जोडणें म्हणजे त्याचा नाशच. शिवाय आंतील भाग विजेच्या तारेशीं थेट जोडलेले असल्यामुळें दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवालाही धोका. दाब निम्म्यावर आणणारा, स्वतंत्र वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर मध्यें असलाच पाहिजे.

एवढें झाल्यावर कळ फिरवावी. प्रथम बारीकशी खरखर, आणि मग तींतून एखादा मानवी आवाज उमटतो. त्या आवाजासाठीं चार संध्याकाळ थांबणें कोणालाही जड वाटूं नये.